छोटा कॅल्क्युलेटर सर्व्हर: वापरून पाहिला, ठेवून घेतला

एआय सहायकाला ४७३८ गुणिले ६२९१ विचारलं की तो कधी कधी बेधडक चुकीचा आकडा ठोकून देतो. म्हणून हा एमसीपी सर्व्हर (सहायकाला बाहेरची टूल्स वापरू देणारा छोटा प्रोग्रॅम) जोडला. आता सहायक मुकाट्याने टूलला हाक मारतो आणि २,९८,०६,७५८ हे बरोबर उत्तर देतो.

जोडणी सोपी आहे. पायथॉन हवं, सहायकाच्या जेसन कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये कमांड आणि तिचे आर्ग्युमेंट्स लिहायचे, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. कमांडचा पूर्ण पाथ दिलेला बरा. सर्व्हर सहायकाशी स्टँडर्ड आउटपुटवरूनच (प्रोग्रॅमचा मजकूर जिथे छापला जातो त्या वाटेनेच) बोलतो, त्यामुळे कोडमध्ये डीबगिंगसाठी साधा प्रिंट टाकलात तर संवाद बिघडू शकतो. लॉग (नोंदी) स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर पाठवा. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही, हे मात्र खटकलं.

कोड उघडून पाहिला. गणिताची ओळ थेट ‘इव्हॅल’ला (मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या पायथॉनच्या फंक्शनला) न देता आधी तपासली जाते, हे पाहून जीव भांड्यात पडला. नाहीतर कॅल्क्युलेटरच्या नावाखाली कोणताही कोड चालला असता.

०.१ अधिक ०.२ ला मात्र ०.३०००००००००००००००४ येतं. पैशांच्या हिशेबाला दशांश अचूक ठेवणारा डेसिमल प्रकार लागेल, तो यात नाही. पाचपैकी चार तारे.