ग्रॅम्प्स, ४ जीबीचा लॅपटॉप आणि शके १७९२

मागच्या आठवड्यात लॅपटॉपची एसएसडी गेली. डेटा काढायचे जे पैसे दुकानदाराने सांगितले, त्यात दोन नव्या एसएसडी आल्या असत्या. एक आणली, लिनक्स मिंट एक्सएफसीई ही हलकी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि पेन ड्राइव्हवरचा ग्रॅम्प्सचा (वंशावळ नोंदवायच्या मोफत सॉफ्टवेअरचा) बॅकअप रिकाम्या वंशावळीत इम्पोर्ट केला. माणसं, नाती, पुरावे, सगळं जागच्या जागी! ‘बाहेर पडताना बॅकअप’ चालू ठेवाच. फोटो त्यात येत नाहीत, ते वेगळे कॉपी करा. नुसत्या जेडकॉम फाइलवर (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा प्रकार) विसंबू नका, त्यात काही तपशील गळतात.

४ जीबी रॅमवर ग्रॅम्प्स उघडायला वेळ घेतं, मग सुरळीत चालतं.

माझं भांडण तारखेच्या चौकटीशी आहे. हिब्रू, इस्लामी, पर्शियन, अगदी फ्रेंच राज्यक्रांतीचंही कॅलेंडर तिथे आहे. शालिवाहन शक नाही! आमच्या मोडी कागदात ‘शके १७९२ फाल्गुन वद्य पंचमी’ आहे. ७८ मिळवले की १८७० येतं, पण फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं, म्हणजे मार्च १८७१. पौषात तर तिथीनुसार वर्ष बदलतं. नुसता मजकूर लिहिला तर क्रम लागत नाही, वय निघत नाही. म्हणून मी इंग्रजी महिना भरतो आणि मूळ तिथी टिपणात ठेवतो. १९५७ची राष्ट्रीय दिनदर्शिका जोडूनही भागणार नाही. ती सौर आहे, आपले कागद तिथीचे, अधिक मासासकट.

या एका गोष्टीपायी सोडूनच देणार होतो. मत बदललं ते दत्तकामुळे. आमचे पणजोबा दत्तक गेलेले. ग्रॅम्प्समध्ये एकच माणूस दोन्ही घरांत मूल म्हणून लागतो, एकीकडे नातं ‘जन्म’, दुसरीकडे ‘दत्तक’. बायकांचंही तसंच. आजी माहेरची गोदावरी, सासरची लक्ष्मी. माहेरचं नाव मुख्य, सासरचं पर्यायी, नोंद एकच. छापील कुळवृत्तान्तांत सुनेचं माहेरचं नाव कितीदा गाळलेलं असतं, ते आठवलं की याची किंमत कळते. पीडीएफमध्ये जोडाक्षरंही नीट उमटतात.

फुकटात याहून जास्त मागू नये असं कोणी म्हणेल, पण शक हवाच. कॅलेंडरांचं गणित पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि कोड सगळ्यांना खुला आहे. पंचांग आणि पायथन दोन्ही जाणणाऱ्या कोणी हे हाती घेतलं, तर पडताळ्यासाठी आमच्या कागदांतल्या सगळ्या तिथ्या मी उतरवून देईन.