पिळायचा टायमर आणि एक वही, आठ महिने वापरून

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर एकही दिला नसता, म्हणून मुद्दाम आठ महिने थांबले. वस्तू एकदम साधी आहे, स्वयंपाकघरात वापरतात तसला पिळायचा टायमर, ना बॅटरी ना ब्लूटूथ, फिरवला की टिकटिक आणि शेवटी ट्रिंग. माझं काम मशीनची मॅन्युअल्स लिहिण्याचं. दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं आणि संध्याकाळी मान वर काढली की कळायचं, दीड पान झालंय फक्त.

पद्धत तीच, पोमोडोरोवाली. फ्रान्चेस्को चिरिल्लो म्हणून एक इटालियन माणूस, १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी कॉलेजात शिकत होता आणि अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्याने टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर समोर ठेवून हे सुरू केलं, इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात म्हणून हे नाव. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, असे चार झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. बहुतेक जण एवढंच ऐकून सुरू करतात, मीपण तसंच केलं होतं.

आणि तेही आधी फोनवरच्या ॲपने. आता विचार करा, किती वेळ उरलाय बघायला फोन उचलायचा, वर तीन नोटिफिकेशन दिसणार, मग "एकच बघते" म्हणत वीस मिनिटं गेली की टायमर फोनच्या पोटात वाजतोय आणि मी भलतीकडेच. महिनाभर हाच खेळ चालला. मग हा पिळायचा आणला आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी दाखवलं होतं की फोन नुसता टेबलावर असला, अगदी सायलेंटवर, तरी काही चाचण्यांमध्ये लोकांची कामगिरी घसरते, पण नंतर ज्यांनी ज्यांनी तो प्रयोग करून बघितला त्यांना सगळ्यांना तसंच दिसलं असं नाही, त्यामुळे मी त्यावर भांडणार नाही. माझ्यापुरतं सांगते, फोन घ्यायला उठून चालत जायला लागलं की निम्म्या वेळा दारापर्यंत पोचायच्या आतच लक्षात येतं की काही काम नव्हतं.

पहिले दोन आठवडे मस्त गेले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते काय उगीच नाही, कारण पुढे येरे माझ्या मागल्या. टायमर फिरवायचा, टिकटिक चालू, आणि मी खिडकीबाहेर. टायमर काही मानगूट धरून बसवत नाही ना! तिसऱ्या महिन्यात तो जवळजवळ ड्रॉवरमध्येच गेला होता.

मग मूळ पद्धत नीट वाचली (हे आधी करायला हवं होतं, कळतंय मला, मॅन्युअल लिहिणारी बाई मॅन्युअल न वाचता वस्तू वापरत होती) आणि त्यात शेजारी कागद ठेवायला सांगितलाय. काम करताना आपलंच मन उठलं, कुणाला तरी मेसेज करायचा आठवला, काहीतरी शोधावंसं वाटलं, की अपॉस्ट्रॉफीसारखी एक बारीक खूण करायची, ते आठवलेलं खाली लिहून टाकायचं आणि परत कामाला लागायचं. बाहेरून कुणी हाक मारली तर आडवी रेघ. झालं. मला वाटत होतं माझ्या रेघाच जास्त निघतील, कारण मी कायम लोकांच्याच नावाने खडे फोडायचे, हा मधेच बोलतो, ती मधेच फोन करते. पहिल्याच दिवशी एका २५ मिनिटांत अकरा खुणा आणि एक रेघ! बघून लाजच वाटली खरं तर.

पण गंमत पुढे आहे. चार-पाच आठवड्यांच्या खुणा बघितल्यावर दिसायला लागलं की त्या कशाही विखुरलेल्या नसतात, ठरावीक जागीच घोळक्याने येतात. सोपा भाग लिहिताना एकही नाही, आणि जिथे मला स्वतःलाच नीट कळलेलं नाहीये की हा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा की नंतर, तिथे बरोबर हात शिवशिवायला लागतात. म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं "माझं लक्षच लागत नाही" म्हणत होते ते बऱ्याचदा "मला पुढचं वाक्य माहीत नाहीये" असं होतं. आता एका जागी तीन खुणा झाल्या की मी सरळ लिहिणं थांबवते आणि इंजिनिअरला विचारायचा प्रश्न लिहून ठेवते. टायमरपेक्षा मला फायदा झाला तो ह्याचाच, आणि जाहिरातीत हे कुणी सांगत नाही कारण कागद-पेन विकून काय मिळणार.

दुसरी गोष्ट अंदाजाची. काम सुरू करायच्या आधी किती पोमोडोरो (म्हणजे २५ मिनिटांचे डाव) लागतील ते लिहायचं, आणि पाच-सातच्या वर आकडा गेला तर कामाचे तुकडे करायचे असा त्यातला नियम आहे. माझे अंदाज सुरुवातीला हास्यास्पद होते, तीन लिहायचे आणि आठ लागायचे. अजूनही चुकतात पण तीनाचे चार होतात, आठ नाही, त्यामुळे बॉसला तारीख देताना पोटात गोळा येत नाही. आणि आठ तासांत सोळा पोमोडोरो बसतात वगैरे हिशोब कागदावर ठीक आहे, माझे चांगल्या दिवशी नऊ होतात, मीटिंगवाल्या दिवशी दोन, एखाद्या दिवशी भोपळा.

आता तक्रारी. २५ मिनिटं लिहिण्याच्या कामाला कमी पडतात, माझं नमनालाच घडाभर तेल, पंधराव्या मिनिटाला कुठे तंद्री लागते आणि पंचविसाव्याला ट्रिंग. म्हणून सकाळी ५० आणि १० करते, आणि ईमेल, तपासणी असली किरकोळ कामं २५ मध्ये. शुद्धतावादी लोक रागावतील, रागावू देत. दुसरं, सुट्टीची पाच मिनिटं. त्यात फोन बघितला की संपलंच, कारण एक अर्धवट मेसेज वाचून आलं की पुढची दहा मिनिटं डोकं तिकडेच. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हेच अभ्यासलं होतं, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो. मी आता सुट्टीत पाणी पिते, फिरते, नाहीतर नुसती उभी राहते, वेड्यासारखी दिसते पण चालतं.

आणि टिकटिक! घरी मला ती आवडते, पण ऑफिसात दुसऱ्याच दिवशी शेजारची म्हणाली, "अगं, तुझा हा बॉम्ब फुटणार कधी?" तिथे आता व्हायब्रेट होणारं घड्याळ वापरते. शिवाय हा स्प्रिंगवाला असल्याने वेळ तंतोतंत नसते, माझा २५ वर लावला की साधारण तेविसाव्या मिनिटालाच वाजतो, आणि कमी मिनिटं लावायची असली तर आधी पुढपर्यंत फिरवून मग मागे आणावा लागतो, नाहीतर वाजतच नाही. हे कळेपर्यंत मी दोनदा पाच मिनिटांची सुट्टी पाऊण तास घेतलीये.

ज्यांचं काम सतत फोन उचलायचं, काउंटरवर बसायचं किंवा लोकांना उत्तरं द्यायचं आहे त्यांनी ह्याच्या नादी लागू नये, नुसता वैताग येईल. बाकीच्यांनी आधी आठवडाभर फक्त कागदावर खुणा करून बघा, टायमर नंतर घ्या. माझ्याकडून टायमरला तीन, वहीला पाच. वही आता तिसरी चालू आहे.