हर्सेपटेस्ट: किट चोख, पण निकाल आधीच बिघडलेला असू शकतो

स्तनाच्या कर्करोगात पेशीच्या आवरणावर हर-टू प्रथिन किती आहे, हे रंगवून दाखवणारं डाकोचं किट. 1998 मध्ये ट्रास्टुझुमॅब या हर-टूवर मारा करणाऱ्या औषधासोबतच याला अमेरिकी औषध नियामक एफडीएची मान्यता मिळाली. हाताने करायच्या संचात 35 चाचण्या.

सगळ्यात जमेची बाजू म्हणजे कंट्रोल स्लाइड, म्हणजे चाचणी नीट झाली का हे पडताळायची काच. हर-टूचा रंग 0 (नाही) ते 3+ (गडद) असा मोजतात; तिच्यावर 0, 1+ आणि 3+ अशा तीन पेशी-वंशांचे (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे) काप असतात. नजर 1+ वर ठेवा. 3+ तर फसलेल्या रनमध्येही (एका वेळी रंगवलेल्या खेपेतही) रंगू शकतो. 1+ कोरा राहिला, तर त्या रनमधला एकही रिपोर्ट देऊ नका.

रंगवण्याआधी प्रथिन उघडं करायला काप चाळीस मिनिटं 95–99 अंश सेल्सिअसच्या बफर द्रावणात, मग वीस मिनिटं बाहेर थंड. गोची इथेच होते: वॉटर बाथ 97 दाखवतो, पण जारमधलं बफर अजून कोमटच. थर्मामीटर जारमध्ये बुडवा. पुढे अँटिबॉडी (हर-टूला चिकटणारं प्रथिन) घालताना काप सुकला, तर कडा खोट्याच तपकिरी होतात.

स्कोअर फक्त आक्रमक, म्हणजे नलिकेबाहेर पसरलेल्या गाठीचा. नलिकेतच थांबलेला कर्करोग मोजायचा नाही, पेशीद्रवातला रंगही नाही. 10 टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, अखंड कडं असेल तर 3+. कडं पूर्ण पण फिकट असेल तर 2+, आणि नमुना फिशकडे, म्हणजे हर-टू जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीकडे. शेजारच्या निरोगी नलिकाही ठळक रंगल्या असतील, तर उष्णतेची पायरी जास्त झाली समजा.

खरा घात मात्र ऑपरेशन थिएटरपासून सुरू होतो. ऊतक तासाभरात 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवं आणि 6 ते 72 तास तिथेच राहायला हवं. अख्खं स्तन न कापता डब्यात टाकलं, की मधली गाठ कच्चीच राहते. असल्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या ऊतकावर) महागडं किट काय करणार?

उणीव एकच, पण मोठी. किट बनलं हर-टू जास्त असलेल्या गाठी वेगळ्या काढायला. 2022 पासून ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान या नव्या औषधामुळे 1+ लाही उपचाराच्या दृष्टीने किंमत आली, आणि 0 व 1+ मधली रेघ फार पुसट आहे. तिथे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टची नजर घ्याच. महिन्याला चार-दोनच नमुने येत असतील, तर किट घेऊ नका, ब्लॉक मोठ्या लॅबकडे पाठवा. ब्लॉकच पाठवा, सहा आठवड्यांहून जुने कापलेले काप नकोत, त्यांतलं प्रथिन रंग धरेनासं होतं.