कोल्हापूर-तिरुपती विमान: आईला घेऊन गेलो त्याचा अनुभव

आईचं वय ७४, गुडघे पार गेलेत, हरिप्रिया एक्सप्रेसचा प्रवास तिला आता झेपत नाही आणि बालाजीला जायचं हे मात्र दरवर्षी ठरलेलं. म्हणून या खेपेला विमानाने नेलं. उजळाईवाडीला, म्हणजे आपल्या कोल्हापूर विमानतळावर, नवीन टर्मिनल २०२४ च्या मार्चमधे झालंय, कमानी बघून आई म्हणाली, अगं बाई राजवाडाच केलाय की. व्हीलचेअर मागितली तर लगेच मिळाली, ढकलणारा पोरगा तिच्याशी गप्पा मारत पार विमानापर्यंत आला. यासाठी पैकीच्या पैकी मार्क.

विमान एटीआर, म्हणजे पंख्याचं, ७८ सीटचं. मागच्या दारातनं चढायचं. पंख खिडकीच्या वर असतात त्यामुळे खाली सगळं मोकळं दिसतं, उसाची शेतं, पंचगंगेची वळणं, आई काचेला नाक लावूनच बसली होती. आवाज जरा जास्त येतो, वयस्कर माणसं असतील तर कानाला कापूस न्या. दीड तासाच्या आतबाहेर रेणीगुंट्याला, म्हणजे तिरुपतीच्या विमानतळावर, उतरलो, आई बसल्या बसल्या हात जोडत होती.

आता मित्र विचारतात की कोल्हापुरातनं गोव्याला नाहीतर जयपूरला फिरायला विमान का नाही, तिरुपतीलाच का. मला वाटतं कंपन्यांनी हे अगदी बरोबर हेरलंय. गोव्याला माणूस सकाळी गाडी काढतो आणि जेवायला तिथं असतो, विमानाचं तिकीट कोण काढणार? जयपूरला आपण दिवाळीत आणि मे महिन्यात जाऊ, मधल्या मंगळवारी त्या ७८ सीट कोणी भरायच्या? आणि तिकडनं इकडं कोण येणार? जाताना फुल्ल आणि येताना रिकामं असं विमान चालत नाही. तिरुपतीचं तसं नाही, बालाजी करून अंबाबाईला आलं नाही तर यात्रा पुरी होत नाही असं मानणारी माणसं तिकडं भरपूर आहेत, नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडनं अंबाबाईला शालू येतो तो काय उगीच नाही. दोन्हीकडनं गर्दी, ती पण बाराही महिने. २०१९ मधे इंडिगोने हा रूट सुरू केला तो छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत, त्यात निम्म्या सीट ठरलेल्या कमी दरात द्यायच्या आणि तोटा सरकार भरून देतं, पण तीनच वर्षं. नंतर आपल्या बळावर चालवायचं. इथंच बरेच छोटे रूट बंद पडतात. मुंबईला स्लॉट, म्हणजे विमान उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळत नाहीत म्हणून मुंबई विमानाचं आपल्याकडं किती वर्षं सुरू-बंद चाललं ते सगळ्यांनी बघितलंय.

एक गोष्ट मात्र जिवाला लागते. ३०० रुपयांचं दर्शनाचं तिकीट महिना-महिना आधी काढावं लागतं, त्यावर तारीख-वेळ पक्की, आणि विमानांची वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. आपल्यासारख्या गावाचे वार कमी झाले की दर्शन हुकलं, मग म्हाताऱ्या माणसाची समजूत कशी घालायची? हे वेळापत्रक लवकर पक्कं करून सांगितलं पाहिजे, देवाला निघालेल्या माणसाला एवढं तर मिळालंच पाहिजे. तोवर आधी कुठल्या वारी विमान आहे ते बघा, मग दर्शनाचं तिकीट काढा, आणि ही बदलाची तारीख मधे येऊ देऊ नका.

पाचपैकी चार स्टार. येताना शेजारी एक तेलुगू कुटुंब होतं, मांडीवर लाडवाची पिशवी, मोडक्या हिंदीत विचारत होते की देऊळ रात्री किती वाजता बंद होतं, रिक्षा मिळेल का. आईने त्यांना बिंदू चौकापासनंचा रस्ता हाताने काढून दाखवला, आणि उतरल्यावर ओटीचं सामान महाद्वाराजवळ घ्या म्हणून परत एकदा सांगून आली.