पाच बाऊलचा संच, ५,०५० रुपये आणि न चिकटणारे चुंबक

इंदूरमध्ये दिवाळीपूर्व प्रदर्शने भरू लागली की ‘अठरा-दहा’ (म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल असलेल्या) स्टीलच्या मिक्सिंग बाऊलचे संच विकणारा एखादा स्टॉल तिथे हमखास असतो. गेल्या वर्षी अशाच एका स्टॉलवर मी पाच बाऊलचा झाकणांसह संच घेतला. छापील किंमत ११,९९९ रुपये, प्रदर्शनातील भाव ५,४५० रुपये आणि घरची दोन जुनी, जाड पातेली बदल्यात दिल्याबद्दल ४०० रुपये सूट, असे एकूण ५,०५० रुपये मी मोजले. अस्सल पातेली गेली आणि नकली बाऊल आले, हा हिशेब मला अजून पचलेला नाही.

भांड्यांतले मला काही कळत नाही, असे कोणी समजू नये. फराळाच्या ऑर्डरी मी अनेक वर्षे घेते आहे. पीठ भिजवायला आणि फेटायला बाऊल घेताना त्याची बैठक सपाट हवी, भिंती उंच हव्यात म्हणजे पीठ बाहेर उडत नाही, आणि हात कोपरापर्यंत न बरबटता तळाशी पोहोचला पाहिजे, हे सर्व मी तिथे उभी राहून तपासले होते. बैठक हलत नव्हती, झाकणे घट्ट बसत होती, आतून आरशासारखी चकाकी होती. स्टीलची प्रत डोळ्यांनी दिसत नाही, त्याला मी काय करणार?

विक्रेत्याने खिशातून चुंबक काढले, बाऊलला लावले आणि सोडून दिले. ते टणकन टेबलावर पडले. ‘‘देख लीजिए दीदी, चिपकता ही नहीं, असली माल है,’’ असे तो म्हणाला आणि भोवतीच्या आम्ही सगळ्या जणींनी माना डोलावल्या. ही परीक्षा अर्धवट आहे, हे मला नंतर कळले. निकेल नसलेले ४३० प्रतीचे स्टील चुंबकाला चिकटते, एवढेच तिच्यावरून ओळखता येते. निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज वाढवलेले २०१ आणि २०२ प्रतीचे स्वस्त स्टील मात्र १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ सारखेच चुंबकाला दाद देत नाही. उलट, खोल दाबून घडवलेल्या अस्सल ३०४ च्या भांड्याकडेही चुंबक किंचित ओढले जाऊ शकते. चुंबक घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते.

त्याहून मनाला लागते ती वजनाची गोष्ट. मी त्याला वजन विचारले होते. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात खरेदी करत आलेल्या कोणालाही माहीत आहे, की भांडे तराजूवर चढल्याशिवाय तिथे भावाची बोलणी सुरू होत नाहीत. त्याने हसून उत्तर दिले, ‘‘ये ब्रांडेड है, तोल के नहीं बिकता.’’ त्याच क्षणी पर्स बंद करून निघायला हवे होते. पण स्टॉल आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात, आयोजक ओळखीचे आणि मागे बायकांची रांग. अशा ठिकाणी कोण संशय घेईल? पैसे पाठवताना फोनवर दुकानाऐवजी कुणा व्यक्तीचे नाव उमटले, तेव्हा त्याने ‘‘भाई का खाता है’’ म्हणून सांगितले. खात्याचे नाव आणि पाटीवरचे नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नयेत.

चकलीचे मीठ घातलेले पीठ आणि नंतर दह्यात मुरवलेली भाजी एवढेच त्या बाऊलमध्ये ठेवले गेले. काठ बाहेर वळवून पोकळ ठेवलेला होता, त्यात पाणी साचत असे. एकदा पांढऱ्या फडक्याने काठ पुसला तर फडक्यावर तपकिरी रेघ उमटली आणि मग आतल्या भिंतीवरही ठिपके आले. पोकळ काठाचा बाऊल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. भंगारवाल्याने बाऊलवर तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकला, थेंब लाल झाला आणि भंगारवाला म्हणाला, की हा दोनशेचा, म्हणजे २०१-२०२ सारख्या प्रतीचा, माल आहे. ‘५ लिटर’ छापलेला मोठा बाऊल मी अर्ध्या लिटरच्या मापाने भरून पाहिला, तर साडेसात मापांतच तो काठोकाठ भरला.

यानंतर सुरू झाली ती खरी विटंबना. आयोजकांनी ‘आम्ही फक्त जागा भाड्याने दिली’ असे सांगून हात झटकले. पोलीस ठाण्यात गेले तर तिथल्या साहेबांनी बाऊल हातात घेऊन टिचकी मारली आणि ‘‘मैडम, बर्तन तो मिला ना आपको?’’ असे विचारले. माल मिळाला म्हणजे फसवणूक झालीच नाही, असा त्यांचा समज. बँकेत सांगण्यात आले, की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत. मापाची तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले, तर त्यांनी प्रतीची तक्रार दुसरीकडे करा म्हणून सांगितले; दुसरीकडच्यांनी मापासाठी पुन्हा पहिल्यांकडे पाठवले, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच होता, की विक्रेत्याचा पत्ता काय. पत्ता असता तर मी यांच्या पायऱ्या झिजवल्या असत्या का? खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता आणि निर्मितीचा महिना असणे कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर चकचकीत चित्र आणि ‘आयएसआय क्वालिटी’ हे शब्द होते, परवाना क्रमांक नव्हता. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश केंद्राने मार्च २०२४ मध्ये काढला, त्याचे मानक आयएस १४७५६ आहे. खऱ्या चिन्हासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर दुकानातच तपासता येतो. मग असा माल भर सभागृहात विकला जातो, तेव्हा तपासणारे कुठे असतात, हे मला कोणी सांगितले नाही.

ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, म्हणून मी अर्ज लिहून ठेवला आहे. त्यात विरुद्ध पक्षाच्या पत्त्याची ओळ कोरी आहे. माझ्या हमीपत्रावर फक्त बंद पडलेला मोबाइल क्रमांक आहे. असाच संच घेतलेल्या कोणाकडे जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल असेल, तर त्याची प्रत मला द्यावी, आणि खोके, बिल किंवा गंजलेला बाऊल यांपैकी काहीही भंगारात देऊ नये.