499 रुपयांचा ‘प्रो पॅक’

मी नाशिकच्या पाथर्डी फाट्याला राहतो आणि घरूनच वेबसाइट, ॲप अशी कामं घेतो. गेल्या पावसाळ्यात दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदार काकांचं ॲप करत होतो. फवारणी कधी झाली, औषध कोणतं, काढणीला किती दिवस उरले, एवढ्याच नोंदी ठेवायच्या होत्या. ऑक्टोबर छाटणीच्या आत देतो म्हणून शब्द दिला होता आणि नेहमीसारखा मागे पडलो होतो.

त्याच घाईत एका टेलिग्राम ग्रुपवर जाहिरात दिसली. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरसाठी ‘प्रो पॅक’, 11 एक्स्टेंशन (एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम), त्यात पैसे भरून मिळणारा एआय मदतनीस ‘अनलॉक’ केलेला, सगळं मिळून 499 रुपये. विकणारा अस्सल मराठीत बोलणारा. “दादा, एकदा टाकून बघा, अर्धं टायपिंग वाचेल.” मी लगेच यूपीआय केलं. पैसे पाठवताना स्क्रीनवर आलेलं नाव त्याच्या नावाशी जुळत नव्हतं. भावाचं खातं असेल, असं मीच मनाशी म्हटलं. फसणारा माणूस चोराची बाजू आधी स्वतःच मांडतो, त्यातला प्रकार.

त्याने व्हीएसआयएक्स फाइल्स पाठवल्या. एडिटरच्या अधिकृत दुकानात न जाता एक्स्टेंशन थेट फाइलमधून टाकायची सोय असते, ती ही. कंपन्या आपली अंतर्गत एक्स्टेंशन अशीच वाटतात, त्यामुळे त्यात मुळात गैर काही नाही. पण दुकानात होणारी तपासणी इथे नसते, आणि नाव, चिन्ह, वर्णन बनवणारा हवं ते लावू शकतो. सगळी टाकली. थीम झकास, फाइलींना रंगीत चिन्हं, कंसांच्या जोड्या रंगवलेल्या. ग्रुपवर लिहूनही टाकलं: “मस्त आहे, घेऊन टाका.”

नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा कळलं की 11 पैकी 9 तर दुकानात फुकट मिळतात. कंस रंगवणारं तर लागतच नाही, 2021 पासून ती सोय एडिटरमध्येच आहे. एआय मदतनीस दोन दिवस चालला आणि बंद पडला. 499 रुपये पाण्यात गेले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

बाराव्या दिवशी सकाळी क्लाउडवाल्या कंपनीचा मेल आला. माझं तिथे मुंबई विभागात एक लहानसं भाड्याचं मशीन (सर्व्हर) आहे, महिन्याला हजाराच्या आत बिल. खात्यावर 36,840 रुपयांचं बिल दिसत होतं. अमेरिकेतल्या एका विभागात, जिथे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथे चार दांडगी ग्राफिक्सवाली मशीन दोन रात्री चालू होती. ती बंद करताना माऊसवरचा हात थरथरत होता. ॲक्सेस की, म्हणजे त्या खात्याची किल्ली, कुठून गेली? ती मी प्रोजेक्टच्या एन्व्ह (सेटिंगच्या) फाइलमध्ये साध्या अक्षरांत ठेवली होती. गिटवर, म्हणजे कोड ऑनलाइन ठेवतात तिथे, कधीच चढवली नव्हती, म्हणून सुरक्षित आहे असं धरून चाललो होतो.

मग एक्स्टेंशनचं फोल्डर उघडलं. (व्हीएसआयएक्स म्हणजे शेवटी झिप फाइलच, नाव बदलून उघडली की आतलं सगळं दिसतं. हे मी टाकायच्या आधी करायला हवं होतं.) कोड नीट मांडून देणारं (फॉर्मॅटर) जे ‘प्रिटीयर’ म्हणून दिलं होतं, त्याचं चिन्ह तेच, नाव तेच, पण प्रकाशकाच्या जागी कुणीतरी भलतंच. एक्स्टेंशनची माहिती असते त्या पॅकेज डॉट जेसन फाइलमध्ये ते कधी जागं व्हावं तिथे नुसती चांदणी (*), म्हणजे एडिटर उघडला की लगेच. फॉर्मॅटरला एवढी घाई कशाला? मुख्य फाइल एकाच लांबलचक ओळीत होती. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, चांगल्या एक्स्टेंशनचा कोडही दाबूनच भरलेला असतो. पण यात माझ्या फोल्डरमधल्या फाइली वाचणं आणि बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवणं होतं. फॉर्मॅटरचं तिथे काय काम?

इतकी वर्षं मी एक्स्टेंशनला मोबाइलच्या कव्हरसारखं समजत होतो. तसं ते नाही. व्हीएस कोडमधलं एक्स्टेंशन एडिटरच्याच अधिकारांनी चालतं. तुम्ही ज्या फाइली वाचू शकता त्या ते वाचतं, इंटरनेटवर पाठवतं, दुसरा प्रोग्रॅम सुरू करतं. मोबाइलवर कॅमेऱ्याची परवानगी विचारतात तसं इथे फाइलीगणिक कुणी विचारत नाही. अधिकृत दुकानातही डोळे झाकून चालत नाही. प्रकाशकाच्या नावापुढची निळी खूण म्हणजे मुख्यतः त्याने आपल्या वेबसाइटची मालकी सिद्ध केली. कोड कुणी वाचून पाहिला, असा तिचा अर्थ नाही. म्हणून आता मी मूळ प्रकल्पाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून दुव्याने जातो आणि प्रकाशकाच्या नावासकट पूर्ण ओळखनाम जुळवून बघतो.

एक्स्टेंशन काढलं की सुटलो असं वाटतं, पण गेलेली की गेलेलीच असते. सगळ्या ॲक्सेस की रद्द करून नव्या केल्या, गिटचे टोकन बदलले, सर्व्हरवर शिरायची एसएसएच की बदलली, शेवटी लॅपटॉपच नव्याने बसवला. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइम पोर्टलवर यूपीआयच्या पावतीसह तक्रार नोंदवली. क्लाउडवाल्यांशी आठवडाभर मेलामेली करून बरीच रक्कम माफ झाली, 6,200 भरले. 499 अजून आलेले नाहीत.

सगळ्यात जड गेलं ते काकांना सांगणं. दिंडोरीला जाऊन समोर बसूनच सांगितलं. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “आमच्या नोंदींना कुणी हात लावला का, तेवढं सांग.” जिथवर तपासता आलं तिथवर लावलेला नव्हता. “मग पुढच्या वेळी किल्ली दाराला लटकवून ठेवू नको,” म्हणाले.

त्या ग्रुपमधून मला काढून टाकलंय. सातपूरच्या एका मित्राच्या फोनवर परवा पाहिलं. पॅक आता 299 ला आहे आणि वर माझाच मेसेज पिन केलाय: “मस्त आहे, घेऊन टाका.” तो वाचून कुणी घेतला असेल, तर आजच सगळ्या की बदला.