स्क्रोल सॉ : आठ महिने, बारा डझन पाती

पातं तुटतं तेव्हा आवाज मोठा नसतो. ‘टक्’ एवढंच. खडखडाट त्यानंतर सुरू होतो, कारण वरच्या पकडीत राहिलेला अर्धा तुकडा मिनिटाला हजार वेळा फळीला टोचे मारत सुटतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी खुर्चीसकट मागे सरकले होते. आता पाय पेडलवरून आपसूक उठतो, नवीन पातं लागतं आणि काम पुढे चालू. आठ महिन्यांत बारा डझन पाती संपली. त्यातली निदान तीन डझन निव्वळ माझ्या चुकांनी गेली. म्हणून हा अनुभव मशीनचा कमी आणि पात्यांचा जास्त आहे.

आधी मशीनबद्दल. स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पातं वर-खाली करत लाकडात नक्षी कापणारी विजेची करवत. माझं मशीन सोळा इंची आहे. सोळा इंच म्हणजे पातं ते मागचा खांब एवढं अंतर. मधल्या भोकातून कापताना फळी गरागरा फिरवावी लागते, तेव्हा ती मागे कुठे अडेल ते या आकड्यावर ठरतं. वेग मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्या, पात्याची वर-खाली चाल पाऊण इंच, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर. टेबल एका बाजूला ४५ अंशांपर्यंत कलतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच घडणीची मशीन वेगवेगळ्या रंगांत आणि नावांत मिळतात, आणि मी जे सांगणार आहे ते त्या सगळ्यांना लागू पडेल.

पहिल्या संध्याकाळी आवाज ऐकून आई खोलीत डोकावली. “शिलाई मशीन घेतलंस होय? मला वाटलं सुतारकामाचं काहीतरी आणलंस.” मी हसले, पण तिचं खरं होतं. सुई जागेवरच वर-खाली होते आणि वळण द्यायचं ते कापडाला. इथेही तेच. पातं कुठेही जात नाही, फळी फिरते. जुन्या काळी ही करवत पायाने पेडल मारूनच चालवत असत. ज्यांनी गळ्याचा गोल शिवलाय त्यांना स्क्रोल सॉ लवकर जमेल, असा माझा अंदाज आहे. माझं शिवण कच्चं आहे, ते फळीवरही दिसलं.

पहिल्या आठवड्यात मी पातं उलटं लावलं. दाते खाली तोंड करून असायला हवेत, म्हणजे कापताना फळी टेबलावर दाबली जाते. उलटं लावलं तर प्रत्येक फेरीला फळी उचलली जाते आणि हातात थडथडते. बारीक पात्यावर दाते कुठे बघतात ते डोळ्यांनी कळत नाही. बोट हलकेच वरून खाली फिरवायचं, मग खालून वर. ज्या दिशेला बोट अडतं त्यावरून समजतं. मी तासभर मशीनला दोष देत बसले होते. नाचता येईना अंगण वाकडं.

पाती पाच इंच लांबीची असतात आणि दोन जातींची. एकीच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, दुसरी साधी, बिनपिनेची. मशीनबरोबर पिनेची आली होती. लावायला सोपी, पण आतली नक्षी कापायची तर आधी ड्रिलने भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं, आणि पिन जायला भोक चांगलं मोठं हवं. एवढ्या भोकात पानाची देठंच गायब होतात. बिनपिनेचं बारीक पातं दीड मिलिमीटरच्या भोकातून आरामात जातं. मशीन घ्यायचंच असेल तर बाकी काही बघू नका, बिनपिनेची पाती लागतात का तेवढं आधी विचारा.

आणि लागत असतील तर कशी लागतात? इथेच माझी या मशीनबद्दलची मुख्य तक्रार आहे. जाळीची नक्षी कापायला घेतली, वेलबुट्टीची, पुस्तकाच्या पानाएवढी. आतली भोकं मोजली तर ४३ भरली. म्हणजे वरची पकड ४३ वेळा सैल करायची, पातं भोकातून ओवायचं, पुन्हा पकडीत बसवायचं, ताण द्यायचा, कापायचं, पुन्हा सोडवायचं. माझ्या मशीनला वरच्या पकडीसाठी अॅलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, लागायची. एकदा की शोधा, एकदा पातं, तोवर फळी घसरते आणि पातं भोकातून बाहेर. त्या नक्षीत कापायला जेवढा वेळ गेला त्याहून जास्त ओवण्यात गेला. ज्या मशीनची पकड बोटांनी फिरवायच्या स्क्रूची असते आणि वरचा हात उचलून धरता येतो, तिथे हेच काम निम्म्या कटकटीत होतं. पुढे मी दोन्हीकडचे स्क्रू बदलून बोटांनी फिरवायचे बसवले, कारण पाचव्या महिन्यात खालच्या स्क्रूचं षटकोनी तोंड झिजून गोल झालं. नवा भाग मागवला तर विकणाऱ्याने दीड महिना लावला. तोपर्यंत मशीनवर चादर.

ताणाचं तंत्र कोणी लिहून देत नाही. पुस्तिकेत नुसतं ‘योग्य ताण द्यावा’. मी तंबोऱ्याची तार जुळवतात तसं करते. पातं लावलं की नखाने छेडायचं. ‘थप’ असा मेलेला आवाज आला तर सैल आहे, कापताना वळणावर पोट फुगवेल आणि फळीच्या वर एक रेष, खाली वेगळीच. ‘टिंग’ असा स्वच्छ सूर आला की ठीक. बोटाने आडवं दाबलं तर तीन मिलिमीटरच्या पुढे हलता कामा नये. सुरुवातीला पातं तुटेल या भीतीने मी ताण कमी ठेवायचे, आणि त्यामुळेच ती जास्त तुटायची. सैल पातं वळणावर पिळवटतं.

दुसरी गोष्ट, सरळ रेष. पेन्सिलच्या रेषेवर फळी नाकासमोर ढकलली तर पातं एका अंगाला ओढतं. मला वाटलं माझा हात वाकडा. हातात काही दोष नव्हता. पातं घडवताना दात्यांच्या एका बाजूला बारीक कोर उरते, ती बाजू जास्त चावते. फळी काही अंश तिरपी धरून ढकलली की रेष सरळ येते. किती तिरपी, ते पात्यापात्यावर आहे. घासून धार दिलेल्या महागड्या पात्यांत ही ओढ कमी असते. पंधरा दिवसांत हाताला सवय होते आणि मग साध्या टेबलवर फळी सरळ धरायलाच विसरायला होतं.

नंबरांचं गणित सोपं आहे. नंबर जेवढा मोठा तेवढं पातं जाड. व्हिनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, त्याला आणि तीन मिलिमीटरच्या फळीला २/० (हे १ हूनही बारीक) किंवा १, सहा मिलिमीटरला ३, बारा ते अठराला ५, त्यापुढे ७ किंवा ९. सर्पिल दात्यांची पातीही मिळतात. ती चारी बाजूंनी कापतात, म्हणून फळी फिरवावी लागत नाही. ऐकायला छान वाटतं, पण कड खरबरीत येते आणि सरळ रेष तर विसराच. मी अर्धा डझन वापरून बाजूला ठेवली. माझ्या घरी राज्य चालतं ते ५ नंबरचं, उलट दात्यांच्या पात्याचं. याचे तळाकडचे थोडे दाते वर तोंड करून असतात. फळीच्या खालच्या बाजूला जे फुसके फाटलेले रेशे लोंबतात, ते हे दाते वर येताना साफ करतात. मात्र बसवताना बघावं लागतं. पातं सर्वांत वर असताना टेबलाच्या वर दोन-तीनच उलटे दाते दिसायला हवेत. जास्त दिसले तर फळी उचलते, एकही दिसला नाही तर पैसे वाया.

एक हिशेब मला फार उशिरा सुचला. चाल १९ मिलिमीटर, फळी ६ मिलिमीटर. म्हणजे पाच इंचांच्या पात्यातला जेमतेम २५ मिलिमीटरचा भाग राबतो, बाकीचे दाते नवेकोरे राहून कचऱ्यात जातात. आता पातं बोथट वाटलं की टेबलवर बारा मिलिमीटरची एक प्लायची फळी ठेवते, मधे पात्यापुरतं भोक पाडून, आणि काम वरच्या दात्यांवर चढवते. उलट दात्यांचा फायदा तेव्हा जातो, पण त्या पात्यावर अजून एक खेळणं निघतं. याच फळीमुळे बारीक तुकडे टेबलच्या मोठ्या भोकात पडायचेही बंद झाले. पातं बोथट झाल्याची खूण म्हणजे जोर. फळी ढकलावी लागतेय असं जाणवलं की पातं बदला. जोर लावत राहिलं तर कड करपते आणि वळण घसरतं.

लाकडाबद्दल. शिकायला बर्चचं प्लाय सगळ्यात बरं, सहा मिलिमीटरमध्ये पाच थर असलेलं. स्वस्त प्लायमध्ये आत पोकळी निघते, आणि ती नेमकी नाजूक जागी निघते हे मी तीनदा अनुभवलं. साग दिसायला देखणा, पण त्यात सिलिका असतं, पाती खातो. चेरी आणि मेपल करपतात. त्यावर उपाय म्हणून नक्षीच्या कागदावर खोके बंद करायची पारदर्शक चिकटपट्टी लावायची. खरंच फरक पडतो, करपणं जवळजवळ थांबतं. कागद फळीवर थेट चिकटवू नका. आधी रंगाऱ्यांची मास्किंग टेप लावा, तिच्यावर कागद, म्हणजे शेवटी एका झटक्यात सगळं निघतं. मी पहिली फळी दोन तास खरवडली आहे.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेली फळी. तिला रेषा नसतात, लोण्यासारखं कापलं जातं, पण त्याची धूळ पिठाहून बारीक. लाकडाची धूळ ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे, तेव्हा मास्क हवाच. मशीनबरोबर एक फुंकणी येते, रेष दिसावी म्हणून भुसा उडवते. कुठे उडवते? थेट तोंडावर. मी तिची नळी वळवून पलीकडे केली आणि टेबलाखाली व्हॅक्यूमचा पाइप बांधला. मशीनचा दिवाही असाच, मशीनबरोबर थरथरतो. भिंतीवर वेगळा दिवा लावला. खाली रबराचा गालिचा घालून मशीन बोल्टने घट्ट आवळलं, तेव्हा कुठे १२०० च्या वरचा वेग वापरता आला.

टेबलवरच्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. माझी दोन अंशांनी खोटी आहे. जाड ठोकळ्यात पात्याने छोटी खाच घ्या, ठोकळा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला आणा. पातं त्या खाचेत अलगद शिरलं तर ते टेबलशी काटकोनात आहे, नाही तर टेबल हलवा. हे न करता मी भाच्यासाठी नकाशाचं कोडं कापलं होतं. तुकडे वरून बसायचे, खालून नाही. लाकडी कोड्याची सुरुवातही नकाशापासूनच झाली होती. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी याने नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. भाच्याने दोन देश सोफ्याखाली हरवले. म्हणून दुसरा नकाशा दोन फळ्या एकमेकींवर चिकटवून एकदमच कापला, एक त्याला आणि एक सुट्या भागांसाठी माझ्याकडे.

थराने कापायची ही युक्ती जुनी आहे. चौदाव्या लुईच्या दरबारातला आंद्रे-शार्ल बूल पितळ आणि कासवाची पाठ एकत्र कापायचा, आणि एकातली नक्षी दुसऱ्याच्या पोकळीत बसवायचा. मी तेच अक्रोड आणि मेपलवर करून पाहिलं. पात्याच्या जाडीएवढी फट राहते, ती घालवायला टेबल थोडं कलवावं लागतं. सातव्या प्रयत्नाला पक्ष्याचा पंख असा बसला की नखही अडलं नाही. ती फळी मी कोणाला देत नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर विजेच्या करवतींत ही सर्वांत सोशिक. एकदा बोट पात्याला लागलं, कापलं, पण कागदाने कापल्यासारखं. त्यापेक्षा जास्त घाबरले ते पॉलिश करताना. उकळलेल्या जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात टाकलं होतं, थोड्या वेळाने हात लावला तर कोमट. हे तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. तेव्हापासून फडकी दोरीवर मोकळी वाळत घालते.

मशीन घ्यावं का? लहान, बारीक, वळणाचं काम आवडत असेल तर घ्या. फर्निचर करायचं असेल तर ही करवत तुमच्या कामाची नाही, सरळ लांब फळी हिच्यावर कापणं म्हणजे शिक्षा. माझ्या मशीनला पाचात साडेतीन देईन. अर्धा त्या अॅलन कीसाठी कापला, एक त्या दीड महिन्यासाठी. आज टेबलवर मोराची जाळी लावली आहे, ६८ भोकं, त्यातली १९ झालीत. तेरावा डझन काल आला. पाचच नंबर, उलट दात्यांची.